आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर राहण्याजोगं करायचंय. स्वतः काय करावं, काय करू नये?

बोरीकाठ | ५ जानेवारी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय.

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठाला आमचं गाव. आजोबांनी बांधलेलं सहा खणांचं धाब्याचं घर आहे. पांढऱ्या मातीच्या पावणेदोन फुटी भिंती, सागाचे खांब, सागाच्याच तुळया, वर कड्या (लाकडी वासे), किलचा (बारीक लाकडी पट्ट्या) आणि त्यावर माती. पुढे ओटा, आत ओसरी, माजघर, मागे चूल आणि न्हाणी. आई गेल्यापासून चार वर्षं कुलूप. मी सुरतेला, उधन्यात असतो. शुक्रवारी रात्री गाडीत बसलो की पहाटे अमळनेर, रविवारी रात्री परत. म्हणजे हातात आठवड्याचे दोन दिवस आणि दीड लाख रुपये.

धाबं दोन जागी गळतंय, माजघरातली एक तुळई पोट सोडून बसलीय. रस्त्याकडच्या भिंतीला दहा-बारा वर्षांपूर्वी वडिलांनी हौसेनं सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, ते फुगून पापुद्रे पडतायत आणि मागे पांढरा लोणा. दारांवर ऑइलपेंटचे इतके थर आहेत की कोरीवकाम चाचपूनच कळतं. वायरिंग अजून लाकडी पट्टीवरची.

एका कंत्राटदाराला दाखवलं. त्यानं आत पाऊलही न टाकता सांगितलं, पाडा, स्लॅब टाकू, साडेआठ लाख.

आता खरं कारण सांगतो. मधल्या खणाच्या तुळईला झोक्याच्या दोन लोखंडी कड्या आहेत. आखाजीला दोघी बहिणी यायच्या आणि झोका तिथंच बांधला जायचा. दिवाळीला मोठीनं फोनवर विचारलं, "औंदा झोका कोठे बांधाना भाऊ?" मला उत्तर देता आलं नाही.

स्लॅबवाला | ५ जानेवारी

भाऊ, राग मानू नका, पण पाडा. मातीचं घर म्हणजे दरसालची कटकट. उंदीर, विंचू, उदई (वाळवी), पावसाळ्यात बादल्या. आम्ही २०१४ ला पाडून बांधलं, एकदाच खर्च आणि निवांत. मे महिन्यात वर गच्चीवर मस्त झोपतो.

पांझरेचं_पाणी | ५ जानेवारी

@स्लॅबवाला, मे महिन्यात वर झोपता, कारण खाली झोपता येत नाही 😀 दिवसभर ४४-४५ अंश खाल्लेला स्लॅब रात्री दोनपर्यंत ते ऊन खोलीत ओकत असतो. धुळ्याच्या आमच्या फ्लॅटात कूलरसुद्धा गरम हवा मारतो. आजोळच्या धाब्याखाली दुपारी गोधडीशिवाय चटई टाकून झोपायचो.

स्लॅबवाला | ६ जानेवारी

गळायला लागलं की गोधडी आठवेल.

तळखडा | ६ जानेवारी

बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

पाडायचं की ठेवायचं हे नंतर. आधी एक माप द्या. धाब्यावर मातीचा थर किती जाड आहे? उजेडासाठी साणं (छपरातलं भोक) असेल तर त्याच्या कडेला फूटपट्टी लावा, वर चढायचीही गरज नाही.

का विचारतोय ते सांगतो. दर मृगाआधी धाब्यावर नवी माती टाकायची आपली पद्धत. जुनी काढायची मात्र नाही, कारण ते कष्टाचं. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत जातो. १० बाय १० च्या खोलीवर एक फूट माती म्हणजे १०० घनफूट, म्हणजे पावणेतीन घनमीटरच्या वर. माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते, भिजली की जास्तीकडे. हिशोब करा: साडेचार-पाच टन. ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली डोक्यावर उभी करून तुम्ही खाली झोपताय. तुळई वाकली यात सागाचा दोष नाही.

बोरीकाठ | ११ जानेवारी

मोजलं. साण्याच्या कडेला चौदा इंच. घाम फुटला.

शेजारच्या अर्ध्या वाड्यात आमचे जिभाऊ राहतात (वडिलांचे चुलतभाऊ, वय ७६). त्यांना म्हटलं, यंदा खारी (धाब्यावर टाकायची खारवट माती) टाकू आणि गळती थांबवू. ते पान लावता लावता म्हणाले, "पह्यले जुनी माटी उतार. धाबं शे ते, वावर नही."

तळखडा | ११ जानेवारी

जिभाऊंना नमस्कार सांगा. त्यांनी एका ओळीत संपवलं, मी चार परिच्छेद खर्ची घातले.

उतरवताना तीन गोष्टी पाळा. वाकलेल्या तुळईखाली आधी टेकू. ट्रॅक्टरचा जॅक लावू नका, तो घसरतो. सेंट्रिंगवाल्याकडे आट्याचे लोखंडी प्रॉप भाड्यानं मिळतात ते आणा, खाली जाड फळी, वर फळी. दुसरं, माती एका अंगानं खरवडू नका, सगळ्या खोलीवरून सारखी दोन-दोन इंच उतरवा. एक बाजू हलकी, एक जड झाली की जुने सांधे कुरकुरतात. तिसरं, वर एका वेळी दोनच माणसं, आणि पाय कड्यांवर, मधल्या किलचांवर नाही.

आणि माती फेकू नका. चाळून भिंतीला लागेल.

केळीबाग | १२ जानेवारी

नवी टाकताना साधी माती टाकू नका, खारीच आणा. आमच्याकडे रावेर-यावलला तापीच्या खोऱ्यात खारवट पट्टे आहेत. केळीवाल्याच्या दृष्टीनं ती जमीन म्हणजे शाप: पाणी दिलं तर वरच साचतं, खाली उतरतच नाही. कारण मातीत सोडियम जास्त. ओली झाली की चिकणमातीचे कण सुटे होतात, फुगतात आणि बारीक छिद्रं बुजवून टाकतात. शेतात नको असलेला तोच गुण धाब्यावर हवा. पाऊस पडला की वरचा बोटभर थर स्वतःच झाकण लावून घेतो. शेतकी शाळेत मी हे सोडियमचं शिकलो. आजी नुसती चिमूट जिभेवर ठेवून सांगायची, ही धाब्याची.

बोरीकाठ | २ फेब्रुवारी

तीन शनिवार-रविवार गेले. धाबं नऊ इंचांनी हलकं झालं. मी, मेव्हणा आणि गावातले दोन गडी. पाठ अजून सरळ होत नाही.

फावड्यानं कापलेली कड बघण्यासारखी होती. तपकिरी माती, मग बारीक पांढुरकी रेघ, पुन्हा तपकिरी, पुन्हा रेघ. दरसालच्या खारीची एकेक रेघ. चाळीसपर्यंत मोजल्या, मग मेव्हणा म्हणाला ऊन चढतंय, आणि फावडं मारलं. मातीत बांगड्यांच्या काचा सापडल्या, एक निळी गोटी सापडली, आणि बिबडे वाळत घालायच्या लुगड्याचा विरलेला तुकडा. गोटी माझी असण्याची दाट शक्यता आहे.

आता वाईट बातमी. वाकलेल्या तुळईचं भिंतीतलं टोक पेचकसानं टोचून पाहिलं. मधल्या भागात पेचकस नुसता ओरखडा काढतो, लाकूड अजून हाडासारखं. पण भिंतीत शिरतं तिथं मुठीपर्यंत आत गेला. आत भुगा. उदई नाही, ओल. वर गळतीची जागा बरोबर तीच.

उदई_हटाव | २ फेब्रुवारी

भुगा ओलसर आणि तपकिरी, चौकोनी तुकड्यांत तुटतोय का? मग कुज आहे. उदई असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. खांबांच्या बुडाशी आणि चौकटीमागे मात्र नीट बघा. आणि किलचांवर नवी माती टाकण्याआधी कडूनिंबाचा पाला अंथरा, जुन्या लोकांनी तो उगाच नव्हता घातला.

तळखडा | ३ फेब्रुवारी

हे काम तुमचं नाही. सुताराला बोलवा. बरं लाकूड वाचतंय, टोक कापून दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल बोल्टनं आवळला आणि तो भिंतीत दगडी बैठकीवर टेकवला तर तुळई बदलावी लागणार नाही. नाहीतर भिंतीलगत तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) एक खांब उभा करा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. पोट वर उचलायची घाई नको. प्रॉपचा आटा रोज पाव फेरा. वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड एका दुपारी सरळ करायला गेलात तर तडकेल, आणि भिंतही सोबत नेईल.

बोरीकाठ | १६ फेब्रुवारी

सुतारानं चॅनेलचं काम केलं. तुळई पूर्ण सरळ झाली नाही, दोन बोटं पोट राहिलंय. सुतार म्हणाला, एवढं म्हातारपण चालायचं.

आता भिंत. सिमेंट काढताना हातोडीची गरजच पडली नाही, छिन्नी कडेला घातली की ताटाएवढे पापुद्रे सुटतात. मागची माती चिंब. पाऊस चार महिन्यांमागे संपलाय, मग ही ओल कुठली?

तळखडा | १६ फेब्रुवारी

जमिनीतली. मातीची भिंत खालून ओल ओढते आणि अंगानं सोडते. तुम्ही तिला बाहेरून सिमेंटचा रेनकोट चढवलात. मग ओल वर वर चढते, प्लास्टरमागे क्षार साठतात, स्फटिक होताना फुगतात आणि प्लास्टर ढकलतात. तोच तुमचा लोणा. वडिलांना बोल लावू नका, त्या वर्षांत सगळ्या खानदेशानं हेच केलं.

बाहेर भिंतीलगत पाणी साचतं का ते पाहा. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते, पाया हलतो. भिंतीपासून उताराची दोन फूट फरशी आणि पुढे नाली, एवढं केलंत तरी निम्मं दुखणं जाईल.

बोरीकाठ | २३ फेब्रुवारी

मातीचं प्लास्टर स्वतः केलं. इंटरनेटवर बघून. दोन दिवसांत अशा भेगा पडल्या की उन्हाळ्यातलं वावर बरं. फोटो टाकायची लाज वाटतेय.

माहेरवाशीण | २३ फेब्रुवारी

टाका हो फोटो, हसणार नाही. (हसले.)

तुम्ही माती आज कालवून आजच लावलीत ना? मी चोपड्याची, आता नाशिकला असते. आमच्याकडे गारा आठ दिवस आधी घालायचे. चाळलेली पांढरी माती, शेण, गव्हाचं भुसकट, पाणी. रोज पायांनी तुडवायचं, वरून गोणपाट. पाचव्या-सहाव्या दिवशी असा वास सुटतो की शेजारीण विचारायला येते. तो वास आला की समजायचं, झालं. भुसकट कुजून चिकट होतं आणि मग भिंत धरते. तुमच्या मातीत चिकण जास्त दिसतेय, वाळू घाला. किती घालायची ते असं बघा: पारदर्शक बरणीत एक भाग माती, दोन भाग पाणी, हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली वाळू बसेल, वर गाळ, सगळ्यात वर चिकण. चिकणाचा थर जाड दिसला तर वाळू वाढवा आणि भिंतीवर हातभर जागेत तीन वेगवेगळी मिश्रणं लावून बघा. जे तडकणार नाही ते तुमचं. लावण्याआधी भिंत शिंपडून ओली करायची, पहिला हात जाडा आणि खरबरीत, तो वाळल्यावर दुसरा बोटाएवढा.

आणि एक, रागावून नाही, सहज. धाग्यात सगळे "स्वतःच्या हातानं, स्वतःच्या हातानं" करतायत. आमच्या आया दर दिवाळीआधी सबंध घर सारवून भिंतींना चुन्याचा पोतारा द्यायच्या. त्याला कुणी छंद म्हटलं नाही, डीआयवाय म्हटलं नाही. पोतारा दिला म्हणायचे, आणि संध्याकाळचा स्वैपाक होताच.

बोरीकाठ | २४ फेब्रुवारी

ताई, हे वाचून थोडा वेळ काही टाइप करता आलं नाही. आईचे हात डिसेंबरपर्यंत चुन्यानं फुटलेले असायचे. मला वाटायचं थंडीनं.

केळीबाग | २४ फेब्रुवारी

चुन्यावरून आठवलं. पोतारा देणार असाल तर कळीचा चुना आणा, पण विझवताना चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळी फुटून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. प्लास्टिकची बादली वितळते, लोखंडी पिंप घ्या. निदान पंधरा दिवस भिजू द्या. आणि पोरंबाळं लांब.

बोरीकाठ | २३ मार्च

भिंत झाली. तिसऱ्या मिश्रणानं धरलं: चार घमेली माती, दोन वाळू, एक भुसकट, शेण अंदाजानं. सरळ झालेली नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की माझ्या हाताचे सगळे चढउतार दिसतात. बायको म्हणाली, शेजारच्या खोलीतली सासूबाईंनी केलेली भिंत बघ, आरशासारखी आहे. बघितली.

दारांचं काम सुरू केलंय. सँडपेपरनं रंग घासतोय, धूळ फार उडते.

पांझरेचं_पाणी | २३ मार्च

थांबा!! कोरडं घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा, दहा लाख भागांत ९०, आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. तुमच्या दारावरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. पाणी मारून ओलं घासा, खाली मेणकापड अंथरा, मास्क लावा, खरवड पिशवीत बांधून ठेवा, अंगणात झाडू नका, चुलीत तर अजिबात नको.

बोरीकाठ | २४ मार्च

पोरगा शेजारी बसून त्याच धुळीत गाडी फिरवत होता. लगेच जिभाऊंकडे पाठवला, ओटा दोनदा ओल्या फडक्यानं पुसला. धन्यवाद, फार मोठे उपकार.

बोरीकाठ | ६ एप्रिल

आज एक प्रकार घडला, तो सांगतोच, म्हणजे दुसऱ्याचं घर वाचेल.

दारावरचा रंग उतरला. खालून वेलबुट्टी, मधे दोन मोर निघाले, एकाची चोच गेलीय. लाकूड कोरडं पडलं होतं म्हणून अळशीचं तेल दिलं, पेंटरलोक बेलतेल म्हणतात ते. सुती चिंध्यांनी चोळलं. दुपारी जेवायला बसताना त्या चिंध्यांचा बोळा करून न्हाणीच्या कोपऱ्यात टाकला. वर पत्रा, बाहेर ४२ अंश. भरीत-भाकरी खाऊन ओट्यावर आडवा झालो तर जळकट वास. आधी वाटलं कुणीतरी बांध पेटवलाय. न्हाणीत गेलो तर बोळ्यातून धूर, उलगडला तसा भडका. काडी नाही, विडी नाही, वायर नाही. बादलीभर पाण्यात संपलं, पण शेजारी तुराट्यांचा भारा होता. अर्धा तास उशीर झाला असता तर हा धागा वेगळ्या विषयावर असता.

तळखडा | ६ एप्रिल

अळशीचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. चिंधी पसरलेली असेल तर ती उडून जाते. बोळ्यात आतल्या आत साठते आणि स्वतःच पेट घेते. चिंध्या एकेक करून उघड्यावर दोरीवर वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. हे मी आधी सांगायला हवं होतं, चूक माझीही.

स्लॅबवाला | ७ एप्रिल

भाऊ, काळजी घ्या. पाडायचं नाही तर नाही, जाळू तरी नका.

वायरिंग तेवढं स्वतः करू नका ही कळकळीची विनंती. माझा मेहुणा परवानाधारक इलेक्ट्रिशियन आहे, त्याचं म्हणणं: लाकडी पट्टी सगळी काढायची, पाइपातून नवी वायर, दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, पॉवर पॉइंटला अडीचची, अर्थिंगचा खड्डा नवा, आणि बोर्डाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). ओल्या मातीच्या भिंतीत करंट उतरला तर तोच वाचवतो.

बोरीकाठ | ७ एप्रिल

मान्य. इलेक्ट्रिशियन गावातलाच ठरवलाय, पुढच्या आठवड्यात येतोय. आरसीसीबी यादीत नव्हता, आता घातला.

तळखडा | १३ एप्रिल

झोक्याच्या कड्यांचं काय ठरलं? ज्या तुळईला चॅनेल लावलाय तीच का?

बोरीकाठ | १३ एप्रिल

नाही, तिच्या पलीकडची. टोकं टोचून पाहिली, पक्की आहेत. कड्यांवरचा गंज ब्रशनं काढला, दोर नवा आणला.

तळखडा | १३ एप्रिल

तरी माणूस बसवण्याआधी वजन टांगा. झोका हलतो तेव्हा बसलेल्याच्या वजनापेक्षा बराच जास्त ताण येतो. दोघी बसणार असतील तर त्यांच्या दुप्पट वजन, रात्रभर.

बोरीकाठ | आखाजीच्या दुसऱ्या दिवशी

गव्हाची पन्नास किलोची पाच पोती रात्रभर टांगली होती. बहिणी आल्या तेव्हा माजघरात पोती लोंबकळत होती. धाकटी म्हणाली, गौराई यंदा फार खात्यापित्या घरची दिसतेय.

मोठी आत आली आणि आधी भिंत हातानं चाचपली. मग म्हणाली, खालून तिसऱ्या हाताला पोकळ वाजतंय, पडेल. टकटक केलं तर खरंच पोकळ. झोका खेळून झाल्यावर साडीचा पदर खोचून तिनंच ती जागा खरवडली, गारा उरलाच होता. दहा मिनिटं. तिच्या हातचं कुठलं आणि माझं कुठलं, हे आता आंधळाही सांगेल.

खर्च एक लाख त्र्याऐंशी हजार. तेहेतीस हजारांनी अंदाज चुकला, त्यातले बहुतेक तुळई आणि वायरिंगचे. न्हाणी आणि चूल अजून तशीच आहे. श्रावणात कानबाई देवीचे रोट याच घरात करायचे म्हणून भाऊबंदांनी आत्ताच बजावलंय, तोवर ते उरकायचंय.

माहेरवाशीण | आखाजीच्या दुसऱ्या दिवशी

ताईंना सांगा, नाशिकच्या एका बाईनं ओळखलं तुम्हाला.

उदई_हटाव | १८ जून

इकडे काल पहिला दणका पडला. धाब्याचं काय? आणि पन्हाळं कुठली लावली? आमच्याकडेही बदलायचीत.

बोरीकाठ | २१ जून

आजच आलोय. पन्हाळी जस्ती पत्र्याची, अमळनेरला पत्रेवाल्याकडून वाकवून घेतली. आधी नऊ इंच बाहेर काढली होती, तर सगळं पाणी वळून भिंतीवरच. आता दीड फूट आहे आणि टोकाला खाली दुमड दिलीय. तुम्ही पहिल्यापासून दीड फूटच सांगा.

धाबं एका जागी ठिबकलं, साण्याच्या कडेला, बुधवारच्या पावसात. मी सुरतेत. खारीची चार घमेली वर कोपऱ्यात झाकून ठेवली होती, जिभाऊ भर पावसात चढले, दोन ओंजळी दाबून पायानं चोपून आले, आणि मग मला फोन केला. आज पाहिलं, कोरडं आहे. शिडी आमच्या माजघरात आणून कुलपात ठेवलीय.